चाकाला पावडर, डिस्कवर टायर : वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की गाड्या धुण्या-रंगवण्याची घाई सुरू होते आणि चाकाच्या लोखंडी डिस्कच्या (जिच्यावर टायर चढतो तिच्या) गंजाकडे लक्ष जातं. या वेळी आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न डिस्कच्या पावडर कोटिंगचे (कोरडी रंगाची पावडर गनने मारून ओव्हनमध्ये भाजायची) आणि त्यानंतर टायर चढवण्याचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचा दहाचाकी ट्रक उरण ते भिवंडी चालतो. टायर १०.००आर२०, ट्यूबवाले. दरवर्षी डिस्कना चंदेरी रंग मारतो, पण सहा महिन्यांत पोपडे निघतात. पावडर कोटिंग करून घ्यावं का? कारखान्यात काय काय बघून घ्यावं? — ट्रकमालक, वडाळा

उत्तर : घ्यावं. ब्रशने मारलेला रंग गंजावरच बसतो, म्हणून गंजाबरोबर उतरतो. पावडरही गंजावर बसवली तर तीही उतरेल, फक्त पैसे जास्त गेलेले असतील. तेव्हा खरा सवाल पावडरच्या आधी डिस्कवर काय काम होतं हा आहे.

तुमच्या गाडीच्या दहा आणि स्टेपनीची एक, अशा अकरा डिस्क, आणि तितक्याच रिंगा (टायर डिस्कवरून निसटू नये म्हणून बसवतात ती लोखंडी कडी). रिंग ज्या डिस्कची त्याच डिस्कवर परत गेली पाहिजे. खडूने किंवा रंगाने आकडे घातले तर ते ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून गंज काढताना, उडतात. पत्र्याचे छोटे बिल्ले आकडे ठोकून तयार करा आणि लोखंडी तारेने डिस्कला व तिच्या रिंगेला बांधा. हे बिल्ले ओव्हनमधूनही शाबूत बाहेर येतात. ब्लास्टिंगपुरते सोडून लगेच परत बांधायला सांगा. डिस्कवरच पंच मारून आकडा घालू नका, चिरेला तिथून सुरुवात मिळते.

पहिलं काम धुण्याचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. उरणच्या रस्त्यावर खाडीचा चिखल आणि खारी हवा डिस्कला लागते. मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं आणि ब्लास्टिंगने ते पूर्ण निघत नाही, उलट थोडं आत ठोकलं जातं. म्हणून आधी तेल-ग्रीस काढून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, वाळवायचं आणि मगच ब्लास्टिंग. ब्लास्टिंगनंतर उजळ राखाडी दिसणाऱ्या डिस्कवर तासाभरात बारीक काळे-तपकिरी ठिपके उमटले तर मीठ आत राहिलं आहे असं समजा. पुन्हा धुणं, पुन्हा ब्लास्टिंग, दुसरा इलाज नाही.

ब्लास्टिंग स्टील ग्रिटने किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडने करणारा कारखाना गाठा. वाळू वापरणारा नको. त्या धुळीने काम करणाऱ्याला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि तो बरा होत नाही. सफाई 'एसए अडीच' दर्जाची मागा. म्हणजे गंज, जुना रंग, पोलाद लाटताना बसलेली काळी खपली सगळं गेलेलं, फार तर फिकट डागांची सावली राहिलेली. हाताला पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे, कारण पावडर त्या खरखरीवरच धरते. जुना रंग काढायला डिस्क लाकडाच्या भट्टीत टाकणारेही आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. ताव सगळीकडे सारखा लागत नाही, डिस्क वेडीवाकडी होते आणि पोलादाचा गुणही बदलू शकतो.

ब्लास्टिंग झालं की पावडरच्या आधी तुम्ही स्वतः तिथे जा. चिरा दिसायची हीच वेळ. एकदा पावडर बसली की चीर पुढची काही वर्षं झाकलेली राहील आणि एके दिवशी घाटात दिसेल. चार जागा नीट बघा : एका बोल्टच्या भोकापासून शेजारच्या भोकाकडे जाणारी रेघ, हवेच्या खिडक्यांचे कोपरे, डिस्क आणि रिम जोडणारा वेल्ड, आणि रिंग बसते ती घळ. संशय आला तर पेनेट्रंट मारायला लावा. लाल द्रव लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल केस उमटतो. बोल्टची भोकं गोल आहेत ना तेही बघा. लांबट झालेलं भोक म्हणजे ते चाक कधीतरी सैल चाललेलं आहे. चीर किंवा लांबट भोक निघालं तर डिस्क बाद. वेल्डिंग करून वापरू नका. भंगारात देतानाही गॅसने आडवी कापून द्या, नाहीतर दारूखान्याच्या भंगार बाजारातून रंग मारून तीच डिस्क कोणाच्या तरी गाडीला लागायची.

पावडरचे दोन थर घ्या. खाली झिंक असलेला एपॉक्सी प्रायमर, ५० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि वर पॉलिएस्टर, ६० ते ८० मायक्रॉन. वर नुसती एपॉक्सी नको. ती उन्हात पांढुरकी पडते आणि बोटाला खडूसारखी लागते. प्रायमर पूर्ण पक्का भाजण्याआधी, अर्धवट भाजलेला असतानाच वरचा थर द्यायचा असतो. पूर्ण भाजलेल्या प्रायमरवर वरची पावडर नीट धरत नाही आणि दगड लागला की टवका उडतो. ब्लास्टिंग झाल्यापासून प्रायमर बसेपर्यंत कोरड्या दिवसांत चार तासांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. पावसाळ्यात तेवढेही नकोत. संध्याकाळी ब्लास्टिंग आणि सकाळी पावडर हा हिशेब मुंबईत चालत नाही.

कारखान्याच्या चलनावर पाच गोष्टी लिहून घ्या : ब्लास्टिंगचा दर्जा, प्रायमर, वरची पावडर, थराची जाडी, आणि कुठे पावडर लावायची *नाही*. पाचवी गोष्ट का महत्त्वाची, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : डिस्क पावडर कोटिंग करून बसवल्या. तेव्हापासून मागच्या चाकांचे नट दर आठवड्याला सैल होतात. आवळतो, पुन्हा सैल. नट बदलून झाले. चूक कुठे आहे? — टेम्पो-ट्रकमालक, मानखुर्द

उत्तर : नट ठीक आहेत. नटाखाली जे दाबलं जातंय ते चुकीचं आहे.

चाक नटाच्या आट्यांवर टिकत नाही. आवळल्यावर बोल्ट रबरासारखा थोडा ताणला जातो आणि त्या ताणाने डिस्क हबवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या फिरत्या भागावर, दाबून धरली जाते. चाक टिकतं ते त्या दाबावर. हा ताण किती? २२ मिलिमीटरच्या बोल्टला, जोडचाकांच्या पकडीत, साधारण एक दशांश मिलिमीटर. शंभर मायक्रॉन, बस्स. आता तुमच्या जोडचाकांत पावडरचे थर मोजा. आतल्या डिस्कच्या दोन बाजू, बाहेरच्या डिस्कच्या दोन बाजू, एकूण चार. दोन थरांचं कोटिंग प्रत्येक बाजूला १२० मायक्रॉन धरलं तर बोल्टच्या पकडीत जवळजवळ अर्धा मिलिमीटर प्लास्टिक आलं. गाडी भरून चालली, ब्रेकने हब तापला की हे प्लास्टिक चेपतं आणि कडेला सरकतं. त्यातला पाचवा हिस्सा जरी चेपला तरी बोल्टचा सगळा ताण गेला. तुम्ही आवळता, ते आणखी चेपतं. म्हणून दर आठवड्याला तेच.

उपाय असा. सगळी मागची चाकं उतरवा. डिस्कचा जो भाग हबला किंवा दुसऱ्या डिस्कला टेकतो तेवढ्या गोल पट्ट्यावरची पावडर वायरच्या कप ब्रशने किंवा रंग काढायच्या चकतीने उतरवा. ग्राइंडरचा दगड लावू नका, पृष्ठभाग वरखाली होतो आणि मग टेकणं नीट राहत नाही. नट टेकतो ती जागा आणि बोल्टची भोकंही साफ करा. टेकणाऱ्या भागावर रंगाचा थर ७५ मायक्रॉनच्या आत हवा. आमचं मत विचाराल तर तिथे पातळ प्रायमरपलीकडे काहीच नको. हबचा तोंडाचा भागही घासून घ्या. वर्षानुवर्षं ब्रशने मारलेल्या रंगाचे सात-आठ थर तिथेच बसलेले असतात.

सैल नटांवर गाडी चालली आहे, तेव्हा बोल्ट तपासा. आटे चेपलेले, ओढून बारीक झालेले बोल्ट बदला. एक बोल्ट तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही बदला, कारण त्याचा भार त्यांनी उचललेला असतो. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या हबचे सगळे बदला.

नट आवळताना समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे, आणि दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. २२ मिलिमीटरच्या बोल्टला तो साधारण ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा : पान्याला चार फुटी पाइप लावून त्याच्या टोकाला पन्नास किलो भार दिला की ६०० होतात. सत्तर किलोचा क्लीनर पाइपवर उभा राहिला तर ८४० च्या जवळ जातं, आणि तो वर उड्या मारायला लागला तर विचारूच नका. ताण ओलांडलेला बोल्ट नंतर कधीही तुटतो. वॉशर जोडलेल्या सपाट नटांना आट्यांवर तेलाचे दोन थेंब आणि नट-वॉशरच्या मध्ये एक थेंब चालतो. गोल बुडाच्या, डिस्कच्या खोलगटात बसणाऱ्या नटांना तेल लावायचं नाही. डिस्कच्या तोंडावर तर कुठल्याच प्रकारात नाही.

कोटिंग केलेली चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा आणि मग ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क बघा. नटाच्या बुडापासून गंजाचा लाल ओघळ निघालेला दिसला की तो नट सैल आहे, पाना लावण्याआधीच कळतं. पावडर हलक्या रंगाची असेल तर हा ओघळ लांबूनही दिसतो. काळी डिस्क रुबाबदार दिसते खरी, पण चीर आणि ओघळ दोन्ही लपवते. आम्ही राखाडी किंवा चंदेरीच सांगू.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये ट्रकच्या डिस्क येतात. जून ते सप्टेंबर फोड आणि सुईच्या टोकाएवढी भोकं फार येतात. ओव्हन २०० अंशांवर, वेळ १५ मिनिटं, पावडर चांगल्या कंपनीची. तरी डिस्क-रिमच्या कोपऱ्यात पावडर बसतच नाही. — पावडर कोटिंग चालवणारे, साकीनाका

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि चौथी तुम्हाला अजून दिसलेली नाही.

फोड आणि भोकं येतात ती आत अडकलेलं पाणी किंवा वायू भाजताना बाहेर पडतो म्हणून. डिस्क रिममध्ये दाबून बसवून वेल्ड केलेली असते आणि त्या जोडात केसाएवढी फट राहते. टाकीतलं ॲसिड, फॉस्फेटचं पाणी त्या फटीत शिरतं आणि साध्या वाळवणीने निघत नाही. पावडर मारण्याआधी रिकामी डिस्क ओव्हनमध्ये भाजण्याच्या तापमानापेक्षा थोड्या वर तापवून घ्या, फटीतून वाफ येणं थांबेपर्यंत. मग डिस्क हाताला सोसेल इतकी निवली की पावडर मारा. ॲसिडने गंज काढण्यापेक्षा अशा डिस्कना ब्लास्टिंगच बरं, फटीत शिरायला काही उरत नाही.

दुसरं, हवा. मुंबईच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरची टाकी रोज पाणी सोडते. टाकीचा नळ दिवसातून दोनदा उघडा, पण तेवढ्याने भागणार नाही; हवेतली ओल काढणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि तेल पकडणारा फिल्टर लागेल. सोपी चाचणी : गनच्या पाइपातून एक मिनिट कोरी हवा स्वच्छ आरशावर सोडा. धुकं किंवा तेलकट वलय आलं तर ते आता पावडरमध्ये जातंय. पावडरचा खोका उघडा ठेवू नका. हातात घेऊन मूठ दाबल्यावर लाडू वळला तर ती पावडर ओल खाल्लेली आहे.

तिसरं, कोपरा. गनमधून निघालेली भारित पावडर जवळच्या कडेकडे ओढली जाते आणि खोल कोपऱ्यात विद्युतक्षेत्र पोचतच नाही. व्होल्टेज वाढवलं तर उलट वाईट होतं. ते ८०–१०० वरून ४०–५० किलोव्होल्टवर आणा, हवेचा जोर कमी करा, पावडरचं नोझल बदलून सपाट फवारा घ्या, आणि कोपरे आधी, सपाट भाग नंतर मारा. हुकांवर महिनोन्महिने साचलेली पावडर जाळून किंवा घासून काढा. हुक आणि डिस्क यांच्यामधून जमिनीपर्यंतचा रोध एक मेगाओमच्या आत हवा. पुष्कळदा 'पावडर बसत नाही' याचं कारण गन नसून ते हुकच असतात.

आता चौथी. २०० अंश ही ओव्हनच्या हवेची नोंद आहे आणि पावडरच्या डब्यावरचे '२०० अंश, १० मिनिटं' हे धातूचे आहेत. चाळीसेक किलोची डिस्क पंधरा मिनिटांत तेवढी तापत नाही. तेवढ्या वेळात पातळ पत्रा भाजून निघतो, डिस्क नाही. डिस्कच्या सगळ्यात जाड भागाला, म्हणजे बोल्टच्या भोकांजवळ, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून एकदा भरलेल्या ओव्हनमध्ये मोजा : धातू २०० ला पोचायला किती मिनिटं लागली ते लिहा आणि त्यात दहा मिळवा. तुमची खरी वेळ तीच. चाचणीसाठी कापडाचा बोळा एमईके सॉल्व्हंटमध्ये भिजवून पंचवीसदा पुढे-मागे घासा. रंग बोळ्यावर भरपूर उतरला किंवा थर मऊ पडला तर कच्चं आहे. कच्चं कोटिंग दिसायला झकास असतं, चमकही जास्त. गिऱ्हाईकाकडे दोन महिन्यांत उलटतं आणि दोष ब्लास्टिंगवर ढकलला जातो.

झाकायच्या भागांना हिरवी पॉलिएस्टर टेप आणि भोकांना सिलिकॉनची बुचं वापरा. कागदी टेप करपून चिकटते. टेप डिस्क कोमट असतानाच काढा, थंड झाल्यावर कडेचा रंग बरोबर घेऊन निघते.

प्रश्न : रिंगवाल्या डिस्कमध्ये हवा भरताना आमचा पंक्चरवाला रिंग बसत नाही म्हणून वर हातोडी मारत असतो. त्याचं म्हणणं, वीस वर्षं असंच करतोय. धोका आहे का? — वाहतूक व्यवस्थापक, भिवंडी

उत्तर : आहे, आणि तो जिवाचा आहे. १०.००-२० टायरमध्ये १२० पीएसआय हवा भरली की रिंगेवर कित्येक टनांचा जोर असतो. रिंग अर्धवट बसलेली असेल तर हातोडीचा एक ठोका तिला सुटायला पुरतो, आणि रिंग पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवरून जाते. वीस वर्षांत सुटली नाही, हे नशीब.

उतरवतानाची शिस्त हबपासूनच सुरू होते. नटाला पाना लावण्याआधी जोडचाकांतल्या *दोन्ही* टायरांच्या व्हॉल्व्हमधली सुई काढा, एकाची काढून चालत नाही. हवा निघायचा आवाज थांबला तरी व्हॉल्व्हमध्ये तार घालून बघा, चिखलाने भोक बुजलेलं असतं. कमी हवेवर, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमीवर, चाललेल्या चाकात जागच्या जागी हवा भरू नका. उतरवून, खोलून, रिंग आणि टायर दोन्ही तपासा. टायर चढलेला असताना डिस्कवर वेल्डिंग किंवा गॅस कधीही नको. हवा काढली तरी नको, कारण तापल्याने रबराचा वायू होऊन टायर आतून फुटतो.

पावडर कोटिंगनंतर इथेही एक नवी अडचण येते. रिंग बसते त्या घळीत पावडरचा जाड थर साचला की रिंग पूर्ण आत जात नाही. पंक्चरवाल्याला वाटतं रिंग घट्ट आहे, आणि हातोडी निघते. घळ आणि रिंगेची बसायची कड पावडरविना ठेवा, फार तर प्रायमरचा एक थर. गंजून बारीक झालेली, वाकलेली, चिरलेली रिंग बाद. एका बनावटीची रिंग दुसऱ्या बनावटीच्या डिस्कवर चढते असं वाटतं, पण बसत नाही.

चढवताना घळ तारेच्या ब्रशने साफ करा. टायरच्या आत हात फिरवून खडा, तार, चिठ्ठी काही नाही ना ते बघा. नव्या टायरमध्ये चिकटवलेलं लेबल तसंच राहिलं तर ट्यूब घासून पंक्चर करतं. ट्यूबला फ्रेंच चॉकची पावडर लावा, थोडी हवा भरून ती गोल होऊ द्या, मग टायरमध्ये घालून फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी, बसवा. टायरच्या कडांना साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावा. डिझेल किंवा ग्रीस लावलं तर रबर फुगतं. रिंग बसवल्यावर चौफेर नजर फिरवा : ती घळीत सगळीकडे सारखी गेलेली दिसली पाहिजे.

मग चाक पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे रिंग सुटली तर अडवणाऱ्या मजबूत लोखंडी चौकटीत. हवेच्या नळीला चिमट्यासारखा पकडणारा चक आणि लांब पाइप, म्हणजे माणूस रिंगेच्या समोर राहणार नाही. दहा पीएसआयला थांबून रिंग पुन्हा बघा. जरा जरी वर दिसली तर सगळी हवा सोडा, सुई काढा, खोलून पुन्हा बसवा. हवा असताना हातोडी नाही, हा नियम अपवादाशिवाय. पूर्ण हवा भरून झाल्यावर एकदा सगळी सोडा आणि परत भरा. ट्यूबची घडी सुटते आणि ट्यूब-टायरमध्ये अडकलेली हवा निघते.

डिस्कच्या खिडक्यांतून पहार घालून रिंगेवर आडवी टेकवायची पद्धत नाक्यानाक्यावर दिसते. काहीच न करण्यापेक्षा बरी, पण ती पिंजऱ्याची जागा घेऊ शकत नाही, पहारही उडते. तुमच्याकडे एवढ्या गाड्या आहेत, तर पिंजरा गोदामातच बनवून घ्या.

प्रश्न : मागच्या ॲक्सलसाठी दोनच नवे टायर घ्यायचे आहेत, बाकी दोन निम्मे झिजलेले. नवे-जुने कसे लावावेत? नवा टायर खरोखर नवा आहे हे कसं ओळखावं? — चालक-मालक, कळंबोली

उत्तर : नवा आणि जुना एकाच जोडीत लावू नका. नव्यांची एक जोडी एका बाजूला, जुन्यांची दुसऱ्या बाजूला. जोडीत एक टायर मोठा असला की भार तोच घेतो आणि लहान टायर रस्त्यावर घासत जातो. ९.००-२० आणि त्यावरच्या मापांत जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात १२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, ८.२५-२० आणि त्याखाली ६ मिलिमीटर. व्यास मोजणं अवघड, म्हणून हवा भरून नक्षीवरून शिंप्याच्या टेपने घेर मोजा. १२ मिलिमीटर व्यास म्हणजे घेरात साधारण ३८ मिलिमीटर, ६ म्हणजे १९. थोडा फरक राहिलाच तर मोठा टायर बाहेर, लहान आत. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतल्या टायरवर भार आधीच जास्त पडतो. एका ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळू नका. रिट्रेड केलेले (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर मागे लावा, पुढे नको.

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. '३५२४' म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. भारतीय मानक ब्युरोची खूण बघा. व्यावसायिक वाहनांच्या टायरला आयएस १५६३६ हे मानक आहे. भाराचे आकडे, जसे १४६/१४३, यातला पहिला एकट्या टायरचा, दुसरा जोडीतल्या टायरचा : १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. नव्या टायरला ट्यूब आणि फ्लॅपही नवेच घ्या. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि ती घडीवर चिरते.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण पावसात भरलेल्या ट्रकचा पुढचा टायर तिथपर्यंत गोटा होऊ देऊ नये. तीन मिलिमीटरला पुढून काढा.

जोड बसवताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाचे व्हॉल्व्ह समोरासमोर, म्हणजे अर्ध्या फेरीच्या अंतरावर ठेवा आणि खिडक्या जुळवा. नाहीतर आतल्या टायरची हवा कोणी बघतच नाही आणि पहिला तोच फुटतो.

प्रश्न : २२.५ इंची ट्यूबलेस डिस्क कोटिंग केल्यापासून हवा हळूहळू जाते. टायर नवा आहे. — बसमालक, चेंबूर

उत्तर : साबणाचं पाणी टायरच्या दोन्ही कडांवर आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ओता, बुडबुडे कुठे येतात ते कळेल. कडेला येत असतील तर टायर बसतो त्या पट्ट्यावर पावडरचे ओघळ किंवा संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत पावडर असेल. टायर उतरवून ती बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. व्हॉल्व्हशी येत असतील तर भोकाच्या कडेची पावडर खरवडून नवं रबर बूच लावा. टायर कडेला बसवायला आत स्प्रे मारून काडी पेटवणारे महाभाग आहेत. तो टायर तिथेच किंवा नंतर रस्त्यावर फुटू शकतो. हवेचा झोत सोडणारी टाकी मिळते, ती वापरा.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या डिस्कना पावडर कोटिंग चालेल का? — टँकरमालक, माहूल

उत्तर : नको. त्यांची ताकद भट्टीत १६०–१८० अंशांवर काही तास ठेवून आणलेली असते. पावडरच्या २०० अंशांनी ती कमी होते, आणि बाहेरून काही दिसत नाही. धुवा, पॉलिश करा, तशाच वापरा.

प्रश्न : मुंबईच्या उन्हात टायर तापले की थोडी हवा सोडावी का? — चालक, वाशी मार्केट

उत्तर : अजिबात नाही. चालताना दाब दहा-पंधरा पीएसआयने वाढतो हे कंपनीने धरलेलं असतं. गरम असताना सोडलीत तर सकाळी गार टायर कमी हवेचा निघेल, तो जास्त चेपेल आणि आणखी तापेल. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, गेज लावून बघा. टायरला पाय मारून जोडचाकांतला आतला टायर कळत नाही.